शाळेचा ओनामा आणि वेताळाच्या गोष्टी

मृग नक्षत्र सरते, आमच्या वऱ्हाडात कपाशीची लावण आणि सोयाबीनचा पेरा यांची एकच घाई उडते, आणि त्याच सुमारास शाळा उघडतात. उर्वरित महाराष्ट्रापेक्षा विदर्भातील शाळा आठवडाभर उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात, कारण येथील उन्हाळा लवकर हटत नाही. ज्या घरात पाच-सहा वर्षांचे मूल आहे त्या घरात या दिवसांत निराळीच धांदल असते. दप्तर, गणवेश, पाण्याची बाटली ही खरेदी तर होतेच. परंतु तिच्याबरोबर आणखीही एक प्रकार घडतो, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कालपर्यंत ज्या मुलास मांडीवर घेऊन राक्षस, परी, वेताळ आणि बोलणारे पोपट यांच्या गोष्टी सांगितल्या, त्यालाच आज "आता तू मोठा झालास, शाळेत जाणार" असे म्हणून त्या सर्व मंडळींस घराबाहेर काढण्यात येते. हे योग्य की अयोग्य, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय आम्हास पुस्तकांतून सुचलेला नाही. आम्ही मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलो, तीस वर्षांहून अधिक काळ प्राथमिक शाळेत मुले शिकविली, आणि आता इंझोरीस घरच्या ओटीवर बसून संस्कृत ग्रंथांची उजळणी करीत असतो. आमचे चिरंजीव तालुक्याच्या गावी बँकेत नोकरीस आहेत व रोज जाऊन-येऊन करतात. त्यांना लहानपणापासून अद्भुत कथांचा नाद. आमच्या पेटीतील 'चांदोबा'चे जुने अंक त्यांनी फाटेपर्यंत वाचले. पुढे इंग्रजी येऊ लागल्यावर टोल्कीन नामक ग्रंथकाराच्या जाडजूड कादंबऱ्या आणि हॅरी पॉटरचे सातही भाग रात्री जागून संपविले. त्यांचा मुलगा साहजिकच गोष्टींवर वाढला. गतवर्षी तो बालवर्गात जात असता एके दिवशी त्याच्या वहीत शेरा लिहून आला : "मुलगा खोटे बोलतो. घरी समज द्यावी." चौकशीअंती समजले ते असे की, शाळेमागच्या चिंचेवर वेताळ राहतो, आपण मधल्या सुटीत त्याच्याशी बोलतो, आणि बाईंनी न रागावता विचारले तर तो त्यांच्याही प्रश्नाचे उत्तर देईल, असे या गृहस्थाने भर वर्गात सांगितले होते!

घरातील स्त्रिया हसल्या. चिरंजीव हसले नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी गोष्टींची सारी पुस्तके पेटीत भरून पेटीस कुलूप घातले. आम्ही कारण विचारले तेव्हा म्हणाले, "बाबा, बारावीला मी गणितात मागे पडलो तो या पुस्तकांपायी. तुम्ही कधी बोलला नाहीत, पण मला ठाऊक आहे. अभियांत्रिकीला जाणार होतो, तो आज पावत्या तपासत बसलो आहे. याचे तसे होऊ द्यायचे नाही."

त्या रात्री आम्ही वाद घातला नाही. बोलणे रागाचे नव्हते, दुःखाचे होते, आणि दुःखास प्रमाणे दाखवून उपयोग नसतो. शिवाय त्यांच्या मताचे लोक जगात थोडे नाहीत, आणि त्यांपैकी काही तर फार थोर आहेत. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने आपल्या आदर्श राज्यात दायांनी मुलांस कोणत्या कथा सांगाव्या यावरदेखील पहारा बसविला. फ्रान्सचा रूसो त्याच्याही पुढे गेला. त्याचा 'एमील' हा शिक्षणविषयक ग्रंथ १७६२ साली प्रसिद्ध झाला. त्यात कावळा आणि कोल्हा यांसारख्या निरुपद्रवी नीतिकथांसही त्याने मज्जाव केला आहे. मुलाला त्यातून बोध होत नाही, झाला तर भलताच होतो, असे त्याचे म्हणणे. एमीलच्या हाती प्रथम द्यावयाचे पुस्तक एकच, ते रॉबिन्सन क्रूसोचे; कारण त्यात एकटा मनुष्य आपल्या हातांनी सर्व वस्तू करतो. आणि आपल्या बालवाड्यांत जिचे नाव आजही आदराने घेतले जाते ती मारिया मॉन्टेसोरी, तिचेही मत असेच होते. लहान मूल परीकथा ऐकते तेव्हा त्याची कल्पनाशक्ती काम करीत नसून केवळ त्याचा भोळेपणा कामी येत असतो, सबब आधी त्यास खऱ्या वस्तूंची ओळख करून द्यावी, असे तिने प्रतिपादिले. या बाई १९३९ साली हिंदुस्थानात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. अड्यार येथे त्यांनी आपल्याकडील कित्येक शिक्षकांस तयार केले. तेव्हा वहीत शेरा लिहिणाऱ्या बाईंस एकट्यांनाच दोष देणे बरे नव्हे.

आपल्या मराठी शाळांचा जन्मही काहीसा अशाच हवेत झाला. मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीसाठी सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांनी १८२८च्या सुमारास 'बाळमित्र' आणि 'इसपनीतिकथा' ही पुस्तके मराठीत आणली. दोन्ही उत्तम, दोन्ही सोज्ज्वळ. परंतु त्यांत वेताळ नाही की उडता गालिचा नाही. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली सुरू केलेल्या 'बालबोध' मासिकाचाही कल मुलांस चरित्रे आणि उपयुक्त माहिती देण्याकडे होता. मात्र त्याच काळात एका शिक्षकाने याच्या अगदी उलट उद्योग केला. तो शिक्षकही साधासुधा नव्हे. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य कृष्णशास्त्री चिपळूणकर. मास्तरांचे मास्तर म्हणावयाचे ते हेच! त्यांनी १८६०नंतरच्या दशकात 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणावयास घेतल्या. राहिलेले काम पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी तडीस नेले. 'निबंधमाला'कारांची ती करारी लेखणी अल्लाउद्दिनाच्या दिव्याच्या प्रकाशात वाढली, ही गोष्ट आमच्या मते विचार करण्याजोगी आहे.

परंतु या वादाचा सर्वांत जुना आणि सर्वांत सुरस खटला आमच्या स्वतःच्या वाङ्मयात पडलेला आहे, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे आमच्याने होणार नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनार्थ 'कथासरित्सागर' रचला. त्याच्या आरंभीच ही हकीकत आहे. प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. तेथील राजा सातवाहन राण्यांसह जलक्रीडा करीत होता. पाण्याच्या माऱ्याने त्रासलेली एक राणी त्यास "मोदकैः" असे काही म्हणाली. तिच्या मनात 'मा उदकैः', म्हणजे पाण्याने मारू नका, असा संधी होता. राजास संधी फुटला नाही. त्याने तत्काळ मोदकांची ताटे मागविली! राणी हसली, दासी हसल्या, आणि राजाने लाजेने अन्नपाणी सोडले. पुढे दरबारात प्रश्न निघाला, की राजाला व्याकरण किती काळात शिकविता येईल? गुणाढ्य पंडित म्हणाला, लोकांस बारा वर्षे लागतात, मी सहांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत. गुणाढ्याने पैज लावली, की तसे झाल्यास मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्याने कार्तिकेयास प्रसन्न करून 'कातंत्र' नावाचे सोपे व्याकरण मिळविले आणि राजास खरोखरच सहा महिन्यांत पंडित केले.

हरलेला गुणाढ्य मुका होऊन विंध्याच्या अरण्यात गेला. तेथे पिशाचांची भाषा तेवढी त्यास वापरता येत होती. त्या भाषेत त्याने सात वर्षे बसून सात लक्ष श्लोकांची 'बृहत्कथा' लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. ग्रंथ राजाकडे धाडला, तर नवशिक्या वैयाकरणाने पैशाची भाषा आणि रक्ताची अक्षरे पाहून तो परत लाविला. मग गुणाढ्याने अग्नी पेटविला, आणि एकेक पान मोठ्याने वाचून तो अग्नीत टाकू लागला. हरणे, डुकरे, रानरेडे सभोवती वर्तुळ करून बसले आणि चरावयाचे विसरून अश्रू ढाळीत ऐकू लागले. इकडे राजाच्या ताटात वाळलेले, निकस मांस येऊ लागले. चौकशी करता करता राजा अरण्यात पोहोचला तेव्हा सहा लक्ष श्लोक जळून गेले होते, एक लक्ष उरले होते.

आता यातली गंमत पाहा. जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल धुळपाटीवर प्रथम जे गिरवी ते 'ॐ नमः सिद्धम्'. त्यावरूनच आपण कोणत्याही कामाच्या आरंभास 'ओनामा' म्हणतो. विद्वान मंडळी या मंत्राचा संबंध त्याच कातंत्राच्या पहिल्या सूत्राशी लावतात, कारण त्याचाही आरंभ 'सिद्ध' या शब्दाने होतो. म्हणजे आपल्या मुलांच्या हाती पाटीवर आले ते शर्ववर्म्याचे पुस्तक, आणि आजीच्या तोंडी राहिल्या त्या गुणाढ्याच्या गोष्टी. एकाच दरबारात दोघांची पैज लागली होती. व्याकरण जिंकले हे खरे. परंतु राजा शिकून शहाणा झाल्यावर शेवटी अरण्यात गेला तो उरलेली पाने मिळविण्यासाठीच ना? आणि आम्ही तर व्याकरणाच्या बाजूचे! आयुष्यभर मुलांकडून विभक्त्या घोकून घेतल्या. तरीही ही कथा वाचताना त्या जळणाऱ्या पानांपाशी आमचा गळा दाटून येतो.

विष्णुशर्म्याची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. अमरशक्ती राजाच्या तीन मंद पुत्रांना त्याने सहा महिन्यांत राजनीती शिकविली ती सिंह, बैल आणि कोल्हे यांच्या तोंडून. तो ग्रंथ सहाव्या शतकात इराणात, आठव्यात अरबीत, आणि तेथून युरोपात गेला. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. त्यापेक्षा आमच्या वऱ्हाडातील एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. चिऊचे घर मेणाचे आणि काऊचे घर शेणाचे, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाने पहिल्या घासाबरोबर ऐकलेली असते. तिचे लेखी रूप 'लीळाचरित्रा'त सापडते. फरक इतकाच, की तेथे चिमणीच्या जागी साळई आहे. म्हाइंभटांनी हा ग्रंथ तेराव्या शतकात रिद्धपूर येथे सिद्ध केला, आणि रिद्धपूर आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात. मराठी गद्याचा पहिला थोर ग्रंथ, तत्त्वज्ञानाने भरलेला, आणि त्यात बोलणाऱ्या पाखरांची गोष्ट! चक्रधरस्वामींस ती सांगताना संकोच वाटला नाही. आमच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष आणि गौरीने निर्मिलेली साहित्यविद्या यांचा विवाह येथे झाला, असे राजशेखर 'काव्यमीमांसे'त लिहितो. आज वाशीमच्या मोटार स्टँडवर उतरणाऱ्या उतारूस त्याची खूणही दिसणार नाही, हे निराळे.

असो. मूळ प्रश्न राहिला तो खरे आणि खोटे यांचा. "मुलगा खोटे बोलतो" हा आरोप लहान नव्हे. आमच्या घरात खोटे बोलणे कधीही खपवून घेतलेले नाही. तेव्हा वेताळाशी बोलतो असे म्हणणारे मूल खोटे बोलते काय, हे नीट तपासले पाहिजे. येथे आमचे नैयायिक उपयोगी पडतात. ते भ्रमाहून वेगळे असे 'आहार्य ज्ञान' मानतात. दोरीस साप समजणे हा भ्रम; तेथे मनुष्य खरोखर फसलेला असतो. परंतु वस्तू तशी नाही हे ठाऊक असून, स्वतःच्या इच्छेने ती तशी मानणे, हे आहार्य. मुखास चंद्र म्हणणारा कवी फसलेला नसतो, आणि कोणास फसवीतही नसतो. काठीचा घोडा करून अंगणात दौडणारे मूल याच जातीचे. ते घोड्यापुढे गवत टाकते. परंतु घोड्याने ते खाल्ले नाही म्हणून रडत बसत नाही. आणि आई जेवावयास हाक मारते तेव्हा काठी कोपऱ्यात उभी करून पाटावर येऊन बसते, घोड्यासाठी वेगळे पान मागत नाही. नाटक पाहणाऱ्या रसिकाच्या ज्ञानाविषयी श्रीशंकुकाने चित्रातील घोड्याचा दृष्टांत दिला आहे : ते ज्ञान खरेही नव्हे, खोटेही नव्हे, संशयही नव्हे, निव्वळ सारखेपणाचेही नव्हे. मुलांच्या खेळाचे याहून चांगले वर्णन आम्हास कोठे आढळले नाही.

मूल आपला लाभ व्हावा किंवा शिक्षा चुकावी म्हणून बोलते तेव्हा ते खोटे बोलते. 'पेन्सिल मी घेतली नाही' हे खोटे. चिंचेवरच्या वेताळापासून आमच्या नातवास कोणता लाभ होता? उलट शेरा मिळाला!

चिरंजिवांस आम्ही हे सर्व एका बैठकीत ऐकविले नाही. ते ऐकतेही ना. कुलूप जसेच्या तसे होते. मुलाने पहिले दोन दिवस मागणी केली, तिसऱ्या दिवसापासून केली नाही, आणि आम्हास खरी काळजी वाटली ती तेव्हा. पूर्वी शाळेतून येताच ओटीवर उभा राहून दिवसभराची हकीकत सांगणारा पोर आता "काय झाले शाळेत?" या प्रश्नास "काही नाही" एवढेच उत्तर देऊ लागला. शेरा खोटेपणाबद्दल होता. परिणाम मात्र असा झाला की, त्याने खरेही बोलणे सोडले. एके रात्री अंथरुणात त्याने हळूच विचारले, "आजोबा, शाळेत गेल्यावर गोष्टी खोट्या होतात का?" आम्ही म्हणालो, "तुझ्या बाबांना विचार." तो म्हणाला, "बाबांना गोष्टी आवडत नाहीत."

ज्यांच्या उशाशी लग्नानंतरदेखील अद्भुत कादंबऱ्यांचा ढीग असे, त्यांच्याविषयी त्यांच्याच मुलाची ही समजूत झाली. हे वाक्य आम्ही चिरंजिवांस सांगितले नाही. सूनबाईंनी ते ऐकले होते. त्यांनी सांगितले की नाही, ते आम्ही विचारले नाही.

कोंडी फुटली ती श्रावणात. पुस्तकांच्या पेटीस कुलूप घालता येते; कहाणीस कसे घालणार? शुक्रवारी जिवतीची पूजा झाली, घरातील सर्व माणसे हातात अक्षता घेऊन बसली, आणि आमच्या कुटुंबाने कहाणी सुरू केली. आटपाट नगर आले, राजा आला, देवी मनुष्यासारखी बोलू लागली. चिरंजीव हात जोडून ऐकत होते. नातू त्यांच्याकडे टक लावून पाहत होता. कहाणी संपली, अक्षता वाहिल्या, आणि त्याने सर्वांदेखत विचारले, "बाबा, ही पण खोटी आहे का?"

चिरंजीव काही बोलले नाहीत. जेवणे झाल्यावर ओटीवर येऊन आमच्याजवळ बसले, आणि तेथे आम्ही प्रथमच आहार्य ज्ञानाचा विषय काढला. त्यांनी आम्हास टोल्कीनविषयी सांगितले. हा गृहस्थ ऑक्सफर्डला प्राचीन इंग्रजी भाषेचा प्राध्यापक, म्हणजे आमच्याच जातकुळीचा, व्याकरणात मुरलेला. स्वतःच्या मुलांस तो गोष्टी रचून सांगे. त्याचे 'हॉबिट' हे पुस्तक १९३७ साली निघाले. १९३९ साली त्याने परीकथांवर एक व्याख्यान दिले. त्यात तो म्हणतो की, घरातील जुने सामान जसे मुलांच्या खोलीत टाकतात, तशा मोठ्यांस नकोशा झालेल्या परीकथा मुलांच्या वाट्यास आल्या. वस्तुतः त्या सर्वांच्याच आहेत. आणि जे लोक अशा वाचनास पलायन म्हणतात, ते तुरुंगातून सुटू पाहणारा कैदी आणि रणातून पळणारा शिपाई यांची गल्लत करतात. आम्हास हा युक्तिवाद फार आवडला. बाराव्या इयत्तेतील गणिताचा विषयही तेव्हा निघाला. आम्ही एवढेच म्हणालो, "त्या वर्षी तुझी आजी सहा महिने अंथरुणाला खिळून होती, आणि रात्रीची जागरणे तू केलीस. पुस्तके तू त्या जागरणात वाचलीस. गणित कशाने राहिले, हे तू आज कोणत्या तराजूत तोलणार?" यावर ते बराच वेळ गप्प होते. त्यांना ते पटले असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. परंतु दुसऱ्या दिवशी पेटी उघडी होती, आणि सोमवारी बँकेत जाण्यापूर्वी ते शाळेत जाऊन बाईंस भेटून आले. बाई वयाने लहान, वर्गात चाळीस मुले. "मला वाटले, तो मला फसवतो आहे," असे त्या म्हणाल्या. मग शनिवारी शेवटच्या तासाला त्यांनी त्याला वेताळाची गोष्ट सांगावयास उभे केले, असे कळते.

मुलाच्या शाळेची काळजी करता करता बापच शिकू लागला, असे याआधीही घडलेले आहे, आणि फार मोठ्या प्रमाणावर घडलेले आहे. भावनगरचे गिजुभाई बधेका हे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते मॉन्टेसोरीच्या ग्रंथांपर्यंत पोहोचले, वकिली सोडली, आणि १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर काढले. मॉन्टेसोरीचे शिष्यत्व त्यांनी मनापासून पत्करले. परंतु गोष्टींच्या बाबतीत गुरूचे ऐकले नाही! कथाकथनाचे शास्त्र सांगणारा स्वतंत्र ग्रंथ त्यांनी लिहिला, आणि त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील मास्तर गलबल करणारा वर्ग आपलासा करतो तो गोष्ट सांगूनच. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक या लग्नानंतर काही वर्षे आमच्या अमरावतीस होत्या. पुढे भावनगरचा वसा त्यांनी महाराष्ट्रात आणला. १९४५ साली बोर्डी येथे आणि नंतर कोसबाड येथे, आदिवासी मुलांच्या पाड्यांवर जाऊन त्यांनी बालवाड्या चालविल्या. अंगणवाडी हा शब्द आज खेडोपाडी झाला आहे, त्याच्या मुळाशी या बाईंचे श्रम आहेत. त्यांनी गाणी आणि गोष्टी शाळेबाहेर ठेवल्या नाहीत.

'चांदोबा'विषयी चार शब्द लिहिले नाहीत तर आमचे समवयस्क वाचक रागावतील. १९४७ साली मद्रासेस तेलुगू व तमिळ भाषांत निघालेले हे मासिक १९५२ पासून मराठीत येऊ लागले. आमच्या लहानपणी इंझोरी अकोला जिल्ह्यात होती; वाशीम जिल्हा झाला तो १९९८ साली. कारंज्यास शकुंतला म्हणून ओळखली जाणारी छोटी रेल्वे येत असे, ती आता बंद आहे. त्या कारंज्याहून मोटारीने अंक गावात येई, आणि एक अंक पंधरा घरे फिरे. विक्रम राजा खांद्यावर प्रेत टाकून स्मशानातून चालला आहे, हे शंकर नामक चित्रकाराचे चित्र आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढून हलणार नाही. पुढे 'कथासरित्सागर' मुळातून वाचला तेव्हा समजले की, तेथे वेताळाच्या गोष्टी ऐकणारा राजा त्रिविक्रमसेन हा गोदातीरावरील प्रतिष्ठानचाच आहे. ज्या वेताळास आम्ही मद्रासहून आलेला समजत होतो, तो पैठणचा निघाला! आणि त्या कथांची रचना किती शास्त्रशुद्ध! प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एक न्यायाचा प्रश्न; उत्तर ठाऊक असून न दिल्यास मस्तकाची शकले होतील, आणि दिल्यास मौन मोडून वेताळ पुन्हा झाडावर. गणिताच्या मास्तरानेही याहून कडक परीक्षा घेतली नसेल. 'चांदोबा' आता निघत नाही. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी सुरू केलेल्या 'आनंद'ची किंवा १९५१ साली भा. रा. भागवतांनी काढलेल्या 'बालमित्र'ची आठवणही आता वयस्क मंडळींनाच असेल. बालभारतीचे 'किशोर' मात्र १९७१च्या नोव्हेंबरापासून चालू आहे, आणि आमच्या घरी ते येते.

याचा अर्थ हाती लागेल ती गोष्ट मुलास सांगावी, असा नव्हे. निजण्यापूर्वी रक्त, मुंडकी आणि कवट्या यांचे वर्णन आम्ही करीत नाही. सावत्र आई म्हणजे दुष्टच, आणि नावडती म्हणजे गोठ्यातच राहणार, हे ऐकताना मुलांच्या मनात काय साठते याचा विचार झाला पाहिजे. आमच्या कुटुंबाने दोन कहाण्यांतील सासुरवासाचे वर्णन आपण होऊन आखडते घेतले आहे. आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर क्षणाक्षणास बदलणारी राक्षसांची चित्रे यांस आम्ही गोष्ट मानीत नाही. गोष्टीत राक्षस मुलाने स्वतः उभा करावयाचा असतो. तो त्याला पेलेल एवढाच मोठा होतो. पडद्यावरचा राक्षस दुसऱ्याने मापून पाठविलेला. आमचे शेजारी एक शेतकरी आहेत, ते म्हणतात, "मास्तर, मोबाइलमधलं भूत पाह्यलं का पोरगं रातभर झोपत नाही, म्या सांगतलेलं भूत ऐकलं का दोन मिनिटांत घोरते." यात त्यांच्या सांगण्याच्या पद्धतीचाही वाटा असावा.

यंदा नातू पहिलीत गेला. सहा वर्षे पुरी झाली आहेत, प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेण्यास कायद्याने बंदी आहे, तेव्हा त्या बाबतीत काही अडचण आली नाही. दसऱ्यास पाटीपूजन करू. अक्षरे मात्र त्याने आधीच गिरवावयास घेतली आहेत. वेळापत्रक असे ठरले आहे : सायंकाळी परवचा, पाढे आणि शाळेचा अभ्यास आमच्याकडे, दिवे मालवण्यापूर्वी अर्धा तास गोष्ट, ती त्याच्या बापाकडे. सध्या 'चांदोबा'तील एक जुनी क्रमशः कथा चालू आहे. अडचण एवढीच, की आमच्या संग्रहात तिचा शेवटचा अंक नाही; कसर लागून गेला, की पंधरा घरांपैकी एखाद्या घरी राहिला, कोण जाणे. नायक गुहेच्या तोंडाशी उभा आहे आणि आत दिवा जळतो आहे, येथे पान संपते. चिरंजिवांनी एक शेवट रचून सांगितला, आम्ही दुसरा. नातवाने दोन्ही ऐकून घेतले, दोन्ही नापसंत केले, आणि पाटीवर स्वतःचा शेवट लिहावयास घेतला आहे. अद्याप त्यास जोडाक्षरे येत नाहीत, त्यामुळे राक्षस हा शब्द अडला आहे.